तीन मित्र, तीन तऱ्हेचं अपंगत्व: एकमेकांच्या मदतीने कामं करताना कुरबुरी का होतात?

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात तीन मित्र आहेत. विचारणारे स्वतः हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर फिरतात. दुसऱ्याला दिसत नाही, तिसऱ्याला जन्मापासून ऐकू येत नाही. बाजार, बँक, तहसील ही कामं एकमेकांच्या आधाराने करायची असं तिघांनी ठरवलं आणि थोड्याच महिन्यांत धुसफूस सुरू झाली. एक म्हणतो, मलाच सगळ्यांचं सगळ्यांना सांगत बसावं लागतं. दुसरा म्हणतो, मी काय फक्त ढकलायलाच आहे का? तिसरा म्हणतो, मला कोणी काही सांगतच नाही. त्यात आता सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेला चौथा मुलगा सोबत येतो म्हणतोय, तर बाकीच्यांना वाटतं, हा तर चांगला धडधाकट आहे.

तुम्ही भांडण कसं मिटवायचं ते विचारलंय. तुमच्या वर्णनावरून मला तरी हा स्वभावाचा प्रश्न वाटत नाही. तुम्ही कामं वाटताना माणसाला काय जमत नाही ते बघितलं. दिसत नाही ना, मग हा ढकलेल. ऐकू येत नाही, मग हा पिशव्या धरेल. वाटणी उलटीकडून करा. कामाचे तुकडे पाडा, कोणत्या तुकड्याला डोळे लागतात, कोणत्याला कान, कोणत्याला जोर, कोणत्याला हिशेब, ते बघा आणि मग माणूस ठरवा. गावात लोक तुम्हाला आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट ऐकवत असतील. सांख्य नावाच्या जुन्या तत्त्वज्ञानातही हाच दाखला दिलाय, पण तिथे मुक्कामी पोचल्यावर दोघं वेगळे होतात. एका वाटेपुरता तो व्यवहार ठीक आहे. तुम्हाला रोज एकाच गावात राहायचंय, आणि त्या गोष्टीत कोणाचे खांदे दुखल्याचं कुठे येत नाही.

पुढचं सांगण्याआधी, काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमचे पाय पोलिओने गेले असतील तर पायांना संवेदना असते, कारण पोलिओत स्नायूंची ताकद जाते, स्पर्श जात नाही. मणक्याला मार लागून पाय गेले असतील तर बहुतेक वेळा स्पर्शही जातो, आणि मग मे महिन्यातल्या उन्हात तापलेला सायकलचा पाइप पायाला चटका देतो तरी तुम्हाला कळत नाही. मित्राला अजिबात दिसत नाही, अंधुक दिसतं, की फक्त रात्री दिसत नाही, यावरही बरंच ठरतं. अंधुक दिसणाऱ्या काहींना भर दुपारच्या लख्ख उन्हात सकाळपेक्षा कमी दिसतं. तिसरा मित्र मूकबधिर शाळेत गेला असेल तर त्याला सांकेतिक भाषा येत असेल, थोडं लिहिता-वाचता येत असेल. गेला नसेल तर त्याच्या खुणा घरच्या आहेत, त्या त्याच्या आईला आणि भावंडांनाच नीट कळतात, आणि तुम्हाला त्यांच्याकडूनच शिकाव्या लागतील.

आता ढकलण्याबद्दल, कारण दुखापत इथेच होते. व्हीलचेअर ढकलणारा माणूसच ती वळवतो. तीनचाकीचा दांडा मात्र बसणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून न दिसणारा माणूस ती चांगली ढकलू शकतो. दिशा तुमची, जोर त्याचा. चूक होते ती त्याच्या पायांच्या बाबतीत. वाटेतला गोटा मागच्या दोन चाकांच्या मधून न लागता निघून जातो. तुम्हाला धक्का बसत नाही, म्हणून तुम्ही काही बोलत नाही, आणि पुढच्याच पावलाला तो गोटा त्याच्या अंगठ्याला लागतो. म्हणजे तुम्हाला दोन रस्ते बघायचे आहेत, एक चाकांचा आणि एक त्याच्या पायांचा. मधून काही जाणार असेल तर "तुझ्या डाव्या पायाला गोटा" असं आधीच सांगायचं.

शब्द मोजके ठेवा: चल, हळू, थांब, खड्डा, गोटा, चढ, उतार. सोबत डावं-उजवं, आणि ते नेहमी त्याचं. "अरे सांभाळ", "अरे बघ" हे शब्द बादच करा, कारण त्यातून नेमकं काय करायचं ते कळत नाही आणि माणूस जागच्या जागी ताठ होतो. तीन-चार पावलं आधी सांगितलं तरच उपयोग. ब्रेक दाबण्याआधी तोंडाने "थांब" म्हणायचं. उलट झालं की मागच्या दांड्यावर त्याची नडगी आपटते. याच कारणासाठी पाठीच्या मागे, त्याच्या कमरेच्या उंचीला एक आडवा बांबू सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट बांधून घ्या. साधारण तीन फुटांचा पुरतो. बांबू आणि मागचा दांडा यांत एवढं अंतर हवं की त्याने मोठी ढांग टाकली तरी गुडघा किंवा नडगी कुठे लागणार नाही. उतारावर नुसत्या हातांनी गाडी धरून ठेवायची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. उतार तुमच्या ब्रेकचा आहे, आणि ब्रेकचे रबर झिजले असतील तर उताराच्या रस्त्याने जायचं नाही.

त्याची पांढरी काठी ढकलताना वापरता येत नाही, म्हणून ती बरेचदा घरीच राहते. ती घडीची असेल तर सायकलला बांधून ठेवा. चेन तुटली, टायर बसला, किंवा तुमचं तिथेच वाजलं, तर काठी नसलेला माणूस रस्त्यात अडकून पडतो. काठी जवळ असली की त्याला तुमच्यासोबत थांबायचं की निघायचं हे स्वतः ठरवता येतं. भांडणातली अर्धी कटुता मला वाटतं इथूनच येते, की निघून जायची सोयच नसते.

पावसाळ्यात पांदणीने तीनचाकी नेऊच नका. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये थापत जाते, चाक जाम होतं. मागच्याला वाटतं चढ लागला, तो आणखी जोर लावतो, आणि गाडी एका बाजूला कलंडते. जून ते सप्टेंबर मडगार्ड काढून ठेवलं तर कपडे खराब होतात, पण चाक फिरतं. चिखल खरवडायला बांबूची चपटी काडी जवळ ठेवा.

तिसरा मित्र रस्त्यावर कुठे चालतो? त्याला मागून आलेला हॉर्न ऐकू येत नाही. त्याला डांबरी रस्त्याच्या कडेच्या बाजूला, म्हणजे तुमच्या डावीकडे आणि किंचित पुढे ठेवा. तिथे तो तुम्हाला दिसतो आणि मान वळवली की तुम्ही त्याला दिसता. मागून येणाऱ्या गाडीची वर्दी न दिसणारा मित्र देईल, त्याच्या कानाला ती तुमच्या आधी कळते. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचा मात्र फारसा आवाज येत नाही, म्हणून दांड्याला एक छोटा आरसा लावून घ्या.

ऐकू न येणारा मित्र जेव्हा न दिसणाऱ्याला घेऊन चालतो, तेव्हा हात धरून ओढायचं नाही. मागच्याने पुढच्याचा दंड कोपराच्या जरा वर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. वाट अरुंद झाली की पुढच्याने तोच हात पाठीमागे न्यायचा, मागचा आपोआप त्याच्या मागे येतो. पायरी आली की एक क्षण थांबायचं. या जोडीत मागच्याने मारलेली हाक पुढच्याला ऐकू येणार नाही, म्हणून दंडावर एक दाब म्हणजे थांब, दोन दाब म्हणजे मागे वळून बघ, एवढं पक्कं करून टाका. गर्दीत हे दोन दाब पुरतात.

आता तुमच्या पहिल्या तक्रारीकडे येतो, की सगळ्यांचं सगळ्यांना तुम्हालाच सांगावं लागतं. एकाला तुमचा आवाज ऐकू येतो, दुसऱ्याला तुमचे हात दिसतात, आणि त्या दोघांना जोडणारा धागा फक्त तुम्ही. याने तुम्ही थकता हे खरं. पण त्यात एक दुसरी गोष्टही आहे, जरा कडू आहे. मधला माणूस नकळत गोष्टी गाळायला लागतो. पाच मिनिटांच्या बोलण्याचं तो एका खुणेत उरकतो, आणि हळूहळू तिघांच्या वतीने तोच ठरवायला लागतो. "मला कोणी काही सांगतच नाही" ही तक्रार तिथून आलीय. उपाय एकच, त्या दोघांमध्ये तुमच्याशिवायची सरळ वाट तयार करायची.

ही वाट स्पर्शाची असते. आठ-दहा खुणा पुरतात, आणि त्या त्या दोघांनीच ठरवाव्यात. उदाहरणार्थ तळहातावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. तळहातावर बोटाने गोल म्हणजे पैसे. मनगटावर दोन बोटं चालवली म्हणजे निघू. अंगठा ओठांकडे नेला म्हणजे पाणी. प्रत्येकाची ओळखीची एक खूण हवी, म्हणजे हात लागला की कोणाचा ते कळेल. सुरुवात नेहमी हाताच्या पाठीला हलकेच स्पर्श करून करायची, मागून खांदा पकडायचा नाही. आणि उठून जाताना "मी चाललो" ही खूण चुकवायची नाही. ही एक खूण राहिली की न दिसणारा माणूस रिकाम्या ओट्याशी बोलत बसतो, आणि चार लोक हसले की तो पुन्हा यायचा नाही. उलट बाजूने, समोरचा आपल्याकडे बघतोय की नाही हे न दिसणाऱ्याला कळत नाही, म्हणून खूण मिळाल्यावर परत एक टिचकी द्यायची. ती पोच आहे.

रात्री वीज गेली की ऐकू न येणाऱ्याचं बोलणंच बंद पडतं, त्याला हात आणि ओठ दिसत नाहीत. तेव्हा बॅटरीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर मारू नका, बोलणाऱ्याच्या हातांवर आणि चेहऱ्यावर पाडा. झाडीपट्टीकडे नातेवाईक असतील आणि रात्रीच्या नाटकाला तिघं गेलात, तर मध्ये न दिसणारा, एका बाजूला तुम्ही आणि दुसऱ्या बाजूला ऐकू न येणारा अशी बैठक ठेवा. रंगमंचावर कोण आलं, कोण गेलं, काय घातलंय, हे तो तळहातावर सांगू शकतो, संवाद तुम्ही खुणांनी त्याला पुरवू शकता. अशा वेळी मदत करतोय असं कोणाला वाटतही नाही.

फोनने बरंच सोपं होतं. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक सुरू केलं की आलेला मजकूर वाचून दाखवला जातो, आणि मराठीत बोलून टाइपही करता येतं. म्हणजे एक जण बोलतो, दुसरा वाचतो, दुसरा लिहितो, पहिला ऐकतो. तिघांच्या ग्रुपला एक नियम लावा: आवाजाचा मेसेज टाकायचा नाही, नुसता फोटोही टाकायचा नाही. पहिला एकाच्या कामाचा नाही, दुसरा दुसऱ्याच्या. फोटो टाकलाच तर खाली एक ओळ लिहायची. जन्मापासून न ऐकणाऱ्याचं लिहिलेलं मराठी तुटक असू शकतं, "काल बाजार मी गेला पैसा नाही" असं. ते सुधारत बसू नका, कारण त्याची पहिली भाषा हातांची आहे. बाजारात गेला होतास का, पैसे नव्हते का, असं हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. नवीन खुणा शिकायच्या असतील तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश व्हिडिओंच्या रूपात फुकट बघायला मिळतो. पण त्याच्या घरच्या खुणा मोडून त्याच्यावर पुस्तकी खुणा लादू नका. दोन्ही चालू द्या.

आठवडी बाजाराचे तुकडे पाडले की माझं म्हणणं नीट दिसेल. भाव करणं हे आवाजाचं काम आहे, ते न दिसणाऱ्याचं. किडकी वांगी बाजूला काढणं, काट्यावरचा आकडा बघणं हे डोळ्यांचं, ते न ऐकणाऱ्याचं. सामान तीनचाकीच्या सीटखाली आणि हिशेब तुमच्याकडे. एक सवय मात्र पाळा. ज्याची खरेदी त्यानेच पैसे द्यायचे, परत आलेले पैसेही त्याच्याच हातात. दुकानदार तिघांपैकी ज्याच्याशी बोलणं सोपं त्याच्याकडेच बघून बोलतो, आणि बाकीचे दोघं गिऱ्हाईक उरतच नाहीत.

पैशाचं थोडं आणखी. नवीन मालिकेतल्या १००, २०० आणि ५०० च्या नोटांची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर आहे. लांबी अनुक्रमे १४२, १४६ आणि १५० मिलिमीटर. म्हणजे एकीत आणि दुसरीत फक्त ४ मिलिमीटरचा फरक. कडेच्या उठावदार रेघा नोट जुनी झाली की घासून जातात. म्हणून "हाताला कळतं की त्याला" असं धरून चालू नका. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं अ‍ॅप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट कितीची ते बोलून सांगतं आणि ते इंटरनेटशिवाय चालतं. ते त्याच्या फोनमध्ये घालून द्या. त्याचा एटीएमचा पिन तुमच्याकडे नको, कितीही विश्वास असला तरी. संजय गांधी योजनेचे पैसे एकाने काढून दुसऱ्याला आणून द्यायचे, हा प्रकार सुरुवातीला सोयीचा वाटतो. पुढे एक हप्ता उशिरा आला की "तूच ठेवून घेतलेस" इथपर्यंत जातो. उसनवारी होणारच, ती ग्रुपवर लिहून ठेवा. तिघांनाही वाचता किंवा ऐकता येतं.

तालुक्याला जायचं तर तीनचाकी एसटीत जात नाही. घडीची व्हीलचेअर जाते, नाहीतर कुबड्या. बसची पहिली पायरी उंच असते: चढताना बरा पाय आधी, उतरताना कुबडी आणि कमजोर पाय आधी. मागून काखेत हात घालून उचलायला लोक धावतात, त्यांना नको म्हणा, खांदा निखळू शकतो. त्यापेक्षा न ऐकणाऱ्या मित्राने वर उभं राहून मनगटाला मनगट असं धरलं तर तुमचा तोल तुमच्याकडे राहतो. भाड्याचं म्हणाल तर दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे, आणि दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा जास्त असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. तुम्ही तिघंही आपापल्या ओळखपत्रावर निघालात तर कोणाला कोणाचा साथीदार म्हणून लिहून घ्यायची गरजच नाही. कचेरीच्या उताराचं मोजमाप लक्षात ठेवा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्याहून खडा असेल तर न दिसणाऱ्याने ढकलत वर न्यायचं साहस करू नका, अर्ज खाली येऊन घ्यायला सांगा.

चौथ्या मुलाबद्दल स्पष्टच सांगतो. सिकलसेल हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि विदर्भात तरी हा आजार कोणाला नवा नाही. त्याच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग असह्य वेदना होतात. पाणी कमी पडणं, थंडी, पावसात भिजणं, ताप, अति श्रम, यांतलं काहीही निमित्त होतं. धडधाकट दिसतो म्हणून तुम्ही त्याला ढकलायला लावाल, आणि नेमकं तेच त्याला द्यायचं काम नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर नाहीच. त्याला कागदपत्रांचं, फोनवर बोलण्याचं, रांगेत नंबर धरण्याचं काम द्या, तेही सावलीत. बाटलीभर पाणी त्याचं वेगळं. ठरलेल्या दिवशी सकाळी "येत नाही" म्हणाला तर कारण विचारू नका, बहाणा समजू नका. १०१ फॅरनहाइटच्या वर ताप आला किंवा छातीत दुखून दम लागला तर घरी थांबायचं नाही, लगेच दवाखाना. १०८ ला फोन कोणी करायचा हे आधीच ठरलेलं असू द्या. न दिसणारा मित्र हे काम उत्तम करेल, फक्त गाव, फाटा आणि जवळची खूण त्याला तोंडपाठ हवी.

नाही म्हणायची मुभा फक्त चौथ्यालाच का? तिघांनाही द्या, आणि ती आधी द्या. आज ढकलणार नाही, आज कोणाचं बोलणं पोचवणार नाही, असं कोणीही सांगू शकतो, बदल्यात काही द्यावं लागत नाही. दारू प्यायलेल्या दिवशी ढकलणं बंद, याला अपवाद नाही. प्रत्येक कामाला गावातला आणखी एक तरी माणूस माहीत असू द्या, भाचा असेल, ऑटोवाला असेल. शाळेतल्या पोराला मात्र त्यासाठी शाळा बुडवायला लावू नका. एकाचं लग्न होतं, दुसरा कामासाठी नागपूरला जातो, आणि सगळं एका मित्रावर टेकलेलं असेल तर त्याच्या जाण्याचा राग मैत्रीवर निघतो. वरोऱ्याजवळ बाबा आमटेंनी उभ्या केलेल्या आनंदवनात कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग सगळे एकत्र राहतात, काम करतात, आणि लोक तुम्हाला तेच उदाहरण देतील. पण ती वस्तीच त्यासाठी उभी राहिलीय. तुमचं गाव तसं नाही, त्यामुळे तिथलं जमणं इथे पहिल्याच वर्षी जमेल असं समजू नका.

चौघं झालात आणि पाचवा मिळाला तर उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, दिव्यांगांचा बचत गट होतो. इतर गटांना साधारण १० सभासद लागतात, दिव्यांगांना ५ पुरतात, आणि त्यात बायका-पुरुष एकत्र चालतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. एकट्याचा अर्ज फायलीत पडून राहतो. पाच जणांनी ग्रामसभेत मिळून मागितला तर उत्तर द्यावं लागतं. मागताना नेमकं मागा: पंचायतीच्या दारात बारा फुटांचा उतार, तीनचाकीचे टायर-ट्यूब, एक घडीची काठी. "सोयी द्याव्यात" असं लिहिलं की सतरंज्या वाटून मोकळे होतात.

पहिली चाचणी बाजाराच्या दिवशी नको. रिकाम्या दिवशी, सकाळी, शाळेच्या मैदानावर अर्धा तास करा. बांबू बांधून, बॅगा रिकाम्या ठेवून, शब्द आणि दाब दोन्ही वापरून बघा. तुमच्या पायांना स्पर्श कळतो की नाही, मित्राला किती दिसतं आणि तिसरा शाळेत गेला होता का, हे इथे खाली लिहा. स्पर्श नसेल तर बसायच्या गादीचं, दर १५-२० मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि रात्री आरशात त्वचा तपासायचं वेगळं सांगावं लागेल. ते तुमचं तुम्हालाच बघायचं आहे, कारण ढकलणाऱ्या मित्राला पायावरची लाली दिसणार नाही.